रेल्वे बघायला एसटीने

आमच्या वाईत काय नाही? कृष्णेचे घाट आहेत, ढोल्या गणपती आहे, मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, आणि गावातली निदान निम्मी माणसं कुठल्या ना कुठल्या हिंदी सिनेमात हिरोच्या मागून डोक्यावर पाटी घेऊन गेलेली आहेत. नाही ती फक्त रेल्वे. 'चेन्नई एक्स्प्रेस'चं चित्रीकरण आमच्याकडे झालं. शाहरुख खान आला, एक्स्प्रेस आली नाही. आमचं म्हणून जे स्टेशन सांगतात ते तिकडे वाठारला. रेल्वे पुण्याहून निघते ती वाठारवरून परस्पर साताऱ्याला जाते, वाईकडे मान वळवूनसुद्धा बघत नाही.

अशा गावातल्या शाळेची सहल रेल्वेचं संग्रहालय बघायला न्यायची, ही कल्पना माझी. हे आधीच कबूल केलेलं बरं. कारण पुढे जे झालं त्यानंतर ही कल्पना कोणाची होती, यावर आमच्या स्टाफरूममध्ये एकमत आहे. दुसऱ्या कुठल्याही विषयावर ते आजवर झालेलं नाही.

सहलीची मीटिंग दिवाळीची सुट्टी संपली की होते. 'शैक्षणिक सहल' हा शब्द मोठा सोशिक आहे. त्यात प्रतापगड बसतो, गणपतीपुळे बसतं, आणि 'पाण्याचे महत्त्व' असं शीर्षक दिलं तर वॉटरपार्कसुद्धा बसतो. यंदा मात्र हेडसरांनी सुरुवातीलाच सांगितलं, "ह्या वर्षी सहल खरोखरच शैक्षणिक हवी." खोलीत शांतता पसरली. मग पीटीच्या सरांनी शंका विचारली, "म्हणजे पोरं कंटाळली पाहिजेत, असं ना सर?"

मी इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी दिल्लीला गेलो होतो, तेव्हा शेवटच्या दिवसाचं सत्र बुडवून चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय बघून आलो होतो. (प्रशिक्षणाचा विषय 'अनुभवातून शिक्षण' हा होता, तेव्हा सत्र बुडवलं असं मी तरी मानत नाही.) १९७७ साली उघडलेलं हे संग्रहालय उघड्यावर पसरलंय, झाडांखाली इंजिनं उभी आहेत, आणि मोठमोठी माणसं छोट्या गाडीत गुडघे पोटाशी घेऊन बसतात. ते बघितल्यापासून मला कोणीतरी विचारावं असं फार वाटत होतं. कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी न विचारताच सुरू झालो.

पतियाळा संस्थानच्या मोनोरेलपासून सुरुवात केली. १९०७ सालची ही गाडी. जवळजवळ सगळा भार एकाच रुळावर, आणि तोल जाऊ नये म्हणून एका बाजूला एक मोठं चाक. ते मात्र रुळावर नाही, सरळ रस्त्यावरून चालायचं.

"म्हणजे आपल्या शाळेसारखं," कोपऱ्यातून भाऊसाहेब म्हणाले. "एक तुकडी अनुदानावर, बाकीच्या रस्त्यावर."

भाऊसाहेब म्हणजे आमचे लिपिक. शाळेत मुख्याध्यापक बदलतात, अभ्यासक्रम बदलतो, अध्यक्षांचा पक्षही अधूनमधून बदलतो. भाऊसाहेब आणि त्यांची हिरव्या शाईची दौत मात्र जागच्या जागी असते.

मग मी हत्तीवर आलो. १८९४ मध्ये एका गाडीशी टक्कर झालेल्या हत्तीची कवटी त्या संग्रहालयात ठेवलेली आहे. चित्रकलेच्या बाई हळहळल्या. पीटीच्या सरांना इंजिनाची काय अवस्था झाली ते हवं होतं. भाऊसाहेबांनी तीनच प्रश्न विचारले: मुलं किती, दिवस किती, आणि पैसे कोण देणार. दिल्ली साधारण चार मिनिटांत संपली. मोगलांना ती सोडायला बराच जास्त वेळ लागला होता.

दिल्ली गेली, पण रेल्वे मी सोडली नाही. म्हटलं, मुंबई. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीतच मध्य रेल्वेचं वारसा संग्रहालय आहे, बाहेर जुनी इंजिनं उभी आहेत, आणि जागा तर अशी की जिथे सगळं सुरू झालं. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, आणि गाडी ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं.

"चौतीस किलोमीटरला तीन इंजिनं?" भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "कोटेशनं मागवली होती का?"

तरीही मुंबई मंजूर झाली. नाना शंकरशेटांच्या गिरगावातल्या वाड्यात सुरुवातीला रेल्वे कंपनीचं कार्यालय होतं, तिथे बैठका होत असतील तेव्हाही कोपऱ्यात एखादे भाऊसाहेब असणारच. आणि तरीही रेल्वे झालीच की, असं मी मनाला समजावलं.

आता जायचं कसं? हेडसर म्हणाले, "रेल्वे बघायची तर रेल्वेनेच जाऊ." ऐकायला अगदी बरोबर वाटलं. संकटाची वाक्यं पहिल्यांदा ऐकताना बरोबरच वाटतात. आधी सगळ्यांनी साताऱ्याला जायचं. कोयना एक्स्प्रेस दिवसा जाते, पण मुंबईत पोचेपर्यंत रात्र, संग्रहालयाला कुलूप. महालक्ष्मी सकाळी मुंबईत सोडते, पण ती साताऱ्याला येते मध्यरात्रीच्या सुमाराला आणि थांबते जेमतेम काही मिनिटं. त्या काही मिनिटांत सातवीची ४० मुलं, ४० दप्तरं, ४० पाण्याच्या बाटल्या आणि झोपेत असलेल्या किमान १५ मुलांना उचलून, अंधारात, नेमक्या डब्यात चढवायचं. पीटीच्या सरांनी मैदानावर तालीम घ्यायची तयारी दाखवली. व्हरांडा म्हणजे डबा. शिट्टी वाजल्यावर ४० मुलं आत. पहिल्या खेपेला सहा मिनिटं लागली आणि एक मुलगा व्हरांड्याच्या दुसऱ्या बाजूने उतरून पाणी प्यायला गेला.

तेव्हा मला ओखिलबाबू आठवले.

दिल्लीच्या त्या संग्रहालयातली सगळ्यात मोलाची वस्तू कुठली, असं मला कोणी विचारलं तर मी महाराजांचे सलून दाखवणार नाही. मी एक पत्र दाखवीन. ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली गृहस्थांनी १९०९ साली साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला इंग्रजीतून लिहिलेलं. त्या काळी खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास नसत. ओखिलबाबूंनी प्रवासात फणस जरा जास्त खाल्ला होता. अहमदपूर स्टेशनात गाडी थांबली तशी ते घाईने उतरून आडोशाला गेले, आणि तेवढ्यात गार्डाने शिट्टी मारली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात धोतर, असे ओखिलबाबू फलाटावरून धावत सुटले, आणि स्त्रीपुरुषांच्या समक्ष धडपडून पडले. गाडी गेली. मग त्यांनी पत्र लिहून विचारलं, की माणूस विधीला गेला असता गार्डाला पाच मिनिटं थांबता येत नाही काय? त्याला दंड करा, नाहीतर मी वर्तमानपत्रांना कळवतो. त्यांच्या इंग्रजीत व्याकरणाचीही तीच गत झालेली आहे जी फलाटावर धोतराची झाली. पण अर्थ एका वाचनात कळतो, जे आमच्या खात्याच्या परिपत्रकांबद्दल म्हणता येत नाही. डब्यांत संडास आले ते ह्या पत्रामुळे, असं सांगतात. सगळं श्रेय त्यांचं एकट्याचं आहे की नाही यावर इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. ज्याने सहल काढली आहे तो वाद घालणार नाही. तो पत्रासमोर हात जोडून उभा राहील.

कारण सहलीचं नियोजन म्हणजे शेवटी काय? प्रेक्षणीय स्थळं, शैक्षणिक उद्दिष्टं, ती सगळी अर्जात लिहायची. खरं नियोजन एकाच गोष्टीचं: गाडी कुठे थांबणार, किती वेळ थांबणार, आणि तिथे सोय आहे का. रेल्वे स्वतःच्या वेळेने थांबते. एसटी ड्रायव्हरमामांना "मामा, जरा" एवढं म्हटलं की थांबते. ठराव एकमताने पास झाला. रेल्वे बघायला एसटीने.

एसटीच्या भाषेत ह्याला 'प्रासंगिक करार' म्हणतात. लग्नाचं वऱ्हाड असो, पंढरपूर असो की शाळेची सहल, करार प्रासंगिकच. शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्याची सवलत मिळते. ह्या एका वाक्यावर भाऊसाहेबांचा चेहरा उजळला तो तसाच राहिला. गाडीत जागा ४४. दहा मुलांमागे एक शिक्षक हे आमचं प्रमाण. ४० मुलं, ४ शिक्षक. मी, पीटीचे सर, चित्रकलेच्या बाई आणि गणिताच्या बाई. एकूण ४४. आकडे इतके चपखल बसले की मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. सरकारी कामात हिशोब पहिल्या फटक्यात जुळला तर समजावं, कोणीतरी यायचं राहिलंय.

मग कागद. परवानगीचा अर्ज, त्याला जोडायची यादी, यादीला जोडायचे रक्तगट, आणि प्रत्येक पालकाचं हमीपत्र. हमीपत्रात पालक असं लिहून देतो की माझा पाल्य मी स्वखुशीने पाठवत आहे, आणि खाली सही करताना आपल्याकडे असा बघतो जणू पाल्याला सीमेवर धाडतोय. १८५३ च्या ४०० पाहुण्यांची हमीपत्रं घेतली असती तर पहिली गाडी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी सुटलीच नसती.

पालकसभा संध्याकाळी घेतली. पहिलाच प्रश्न, "सर, रेल्वे बघायला एसटीने का?" ओखिलबाबूंची सगळी कथा सांगायला लागली. पुरुष हसले. मागच्या रांगेतल्या एक आजी हसल्या नाहीत. "बरोबर लिवलं त्यानं," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यावर सभा आमच्या बाजूने फिरली. नंतरचे प्रश्न सोपे होते. तिकडे लिफ्ट आहे का. माझ्या मुलाला खिडकी मिळेल का. माझ्या मुलीला खिडकी देऊ नका, ती हात बाहेर काढते. आमच्या बाळूला उलटी होते, त्याला पुढे बसवा. एकेक करून २३ पालकांनी आपल्या बाळूला पुढे बसवायला सांगितलं. एसटीत पुढे बसायच्या जागा किती असतात ते एसटीने प्रवास करणाऱ्यांना माहीत आहे.

आणि मग अध्यक्षांचा फोन आला. संस्थेच्या अध्यक्षांचा. त्यांच्या बहिणीचा मुलगा पुण्याहून चार दिवसांसाठी आला होता, त्याला रेल्वेची फार आवड. "घ्या बसवून कुठेतरी, लहानच आहे." लहान म्हणजे आठवीतला होता. यादी वर गेलेली होती, परवानगी आलेली होती, त्यावर ४४ हा आकडा शिक्क्याखाली पक्का झालेला होता. भाऊसाहेबांनी हेडसरांकडे पाहिलं, हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. भाचेबुवा यादीबाहेर आले. ते गाडीत असणार होते, कागदावर नसणार होते. बसायला माझ्या शेजारी, म्हणजे दोघांच्या बाकावर तिघांत तिसरे.

त्याआधी मी एकटा जाऊन पाहणी करून आलो होतो. संग्रहालय कामाच्या दिवशी दुपारीच बघता येतं आणि शाळेचा गट असेल तर आधी कळवलेलं बरं, एवढी नोंद वहीत एका ओळीत झाली. उरलेली सहा पानं थांब्यांची होती. सुरूर फाटा: चहा चांगला, बाकी सोय नाही. पुण्याबाहेरचा पेट्रोल पंप: सोय आहे, कडी नाही. फूड मॉल: सोय उत्तम, पण वडापावचा भाव बघता मुलांना तिकडे वळू देऊ नये. ही वही भाऊसाहेबांनी चाळली आणि म्हणाले, "सर, संग्रहालय कुठाय ह्यात?"

सहल पहाटे चारला निघाली. करारावरच्या आमच्या गाडीबरोबर कंडक्टर नव्हता, त्यामुळे घंटेची दोरी मोकळीच लोंबत होती. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला, हे एसटीच्या गावातल्या मुलांना बाराखडीच्या आधी येतं. पहिल्या दहा किलोमीटरांत गाडी पाच वेळा थांबली आणि पाच वेळा निघाली. मग ड्रायव्हरमामांनी मागे न बघता शांतपणे सांगितलं, "आता कोणी दोरी ओढली तर त्याला इथंच उतरवीन." दोरीला सगळे भिऊन राहिले. भाचेबुवा सोडून. ते पुण्याचे होते.

खंडाळ्याच्या घाटात मी उभा राहिलो. ह्या क्षणासाठी मी आठवडाभर टिपणं काढली होती. मुलांनो, ह्याच डोंगरातून रेल्वे गेली आहे. बोर घाट. १८५६ मध्ये काम सुरू झालं, १८६३ मध्ये गाडी धावली. २५ बोगदे. हजारो मजूर पटकीने आणि तापाने मेले. ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. मग त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, हाताखाली माणसं नेमून कंत्राट पुरं करून दिलं. चित्रकलेच्या बाई एकदम सावरून बसल्या. "बायकोने?" त्या म्हणाल्या. "आणि हे पुस्तकात नाही?" मी म्हटलं नाही. गणिताच्या बाई म्हणाल्या, "पुस्तकात असतं तर परीक्षेत विचारावं लागलं असतं."

चढ इतका होता की घाटात एका जागी गाडी उलटी फिरवायची युक्ती काढावी लागली होती. गाडी वर यायची, थांबायची, इंजिन ह्या टोकाचं सुटून त्या टोकाला लागायचं, आणि गाडी उलट दिशेने पुढचा डोंगर चढायची. १९२९ पर्यंत हे चालू होतं. मी हात पुढे-मागे करून दाखवत होतो. तिसऱ्या हालचालीला पुढच्या बाकावरचा बाळू पिवळा पडला. त्याच्याकडे बघून दुसरा. माझ्या खांद्याच्या पिशवीत दोन डझन लिंबं, आवळासुपारी आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा अख्खा गठ्ठा होता, त्यामुळे पुढचा अर्धा तास मी ट्रेडवेलबाईंसारखाच काम करत होतो. घाट उतरेपर्यंत इतिहास बंद झाला.

मुंबई आली. टर्मिनससमोर उतरल्यावर मुलांनी एकदम मान वर केली आणि तिथेच गर्दी तुंबली. ह्या इमारतीचं एक बरं आहे, ती मुलांना समजावून सांगावी लागत नाही. फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदाने १८७८ पासून दहा वर्षं खपून ती उभी केली आणि २००४ साली ती जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेली, हे मी सांगत होतो. मुलं प्राणी मोजत होती. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. मग भिंतींवरून माकडं, मोर, घुबडं, नुसती तोंडं बाहेर काढलेले कुठले कुठले प्राणी. ही कोरीव कामं करायला जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी होते, हे ऐकल्यावर चित्रकलेच्या बाई दुसऱ्यांदा सावरून बसल्या असत्या, पण उभ्या होत्या. घुमटाच्या वर हातात मशाल घेतलेली बाई कोण, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, प्रगती. "आपल्या वर्गातली?" प्रगती आमच्या वर्गात होतीच. पुढे दिवसभर तिला सगळ्यांनी वर बघून हाका मारल्या.

आत संग्रहालयात मुलांनी जुनी घड्याळं, कंदील, गाड्यांच्या प्रतिकृती, जाड पुठ्ठ्याची तिकिटं असं सगळं शिस्तीत बघितलं. जिना बघितला. जिन्याला खालून खांब नाही, पायऱ्या भिंतीतूनच बाहेर आल्या आहेत, हे कळल्यावर निम्मी मुलं चढायला तयार होईनात आणि उरलेली दोनदा चढली. बाहेरच्या गल्लीत एक जुनं विजेचं इंजिन उभं होतं, 'सर लेस्ली विल्सन' नावाचं. विल्सन मुंबईचे गव्हर्नर होते. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची गाडी इथूनच कुर्ल्याला गेली ती त्यांच्या हस्ते. एवढं भारदस्त नाव, पण ह्या जातीच्या इंजिनाला रेल्वेतली माणसं 'खेकडा' म्हणायची, ते कण्हल्यासारखा आवाज काढायचं म्हणून. खेकडा म्हटल्यावर मात्र आमची मुलं खुलली. खेकडा कण्हतो का, यावर ओढ्याकाठच्या तीन मुलांनी जाणकारांसारखी चर्चा केली आणि रेल्वेवाल्यांनी खेकडा जवळून बघितलेला नाही, असा निकाल दिला.

अजून वेळ होता, म्हणून फलाटाची तिकिटं काढली. प्रत्येकी दहा रुपये, ४५ तिकिटं. खिडकीतल्या माणसाने तीनदा विचारलं, "कोणाला सोडायला आलात?" मी म्हटलं, कोणाला नाही, बघायला आलोय. त्याने काचेतून मागे उभी असलेली रांग बघितली आणि तिकिटं दिली.

लोकलच्या फलाटाच्या टोकाला मुलं थबकली. "सर, पुढे रूळच संपले!" खरंच, रूळ तिथे संपतात. टर्मिनस म्हणजे काय हे मी वर्गात दोनदा सांगितलेलं होतं, पण एसटी स्टँडवर वाढलेल्या मुलांना गाडीला वळायला जागा नाही ही कल्पनाच सोसेना. "मग गाडी वळणार कशी?" "मागे घेतील." "शिट्टी कोण मारणार?" तेवढ्यात गाडी आली, थांबली. मोटरमन बॅग घेऊन उतरले आणि फलाटावरून चालत चालत मागच्या टोकाकडे निघाले. मुलांना एकदम उमगलं. गाडी वळतच नाही! ड्रायव्हर वळतो! ४० मुलं त्या मोटरमनच्या मागे रांगेने निघाली. त्या माणसाने एकदा मागे बघितलं, पावलं जरा झपझप टाकली, पुन्हा मागे बघितलं. मुलांचा वेगही वाढला. शेवटच्या डब्याशी पोचल्यावर त्यांनी केबिनचं दार उघडलं, आत शिरले, आणि खिडकीतून बाहेर बघून, का कोण जाणे, सलाम केला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. २१ तोफा नव्हत्या, पण ऑफिसातून सुटलेल्या बऱ्याच लोकांनी माना वळवल्या. सहलीच्या निबंधांत पुढे ४० पैकी ३४ जणांनी ह्या माणसावर लिहिलं. सर लेस्ली विल्सन एकाही निबंधात आले नाहीत. खेकडा तीनमध्ये आला.

परतीला अंधार पडला. घाटाच्या अलीकडे फूड मॉलला गाडी थांबवली. वहीत 'सोय उत्तम' असं मीच लिहून ठेवलेलं होतं. दिवसभर प्रत्येक थांब्यानंतर डोकी मी मोजली होती. ४४ आणि भाचा. ४४ आणि भाचा. ह्या खेपेला मी गणिताच्या बाईंना म्हटलं, "बाई, तेवढं मोजून घेता? मी येतो जरा." दिवसभर इतरांच्या सोयी बघणाऱ्या माणसालाही शेवटी जरा यावं लागतंच.

गणिताच्या बाईंचा हिशोब कधी चुकत नाही. त्यांनी मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत बोट फिरवून डोकी मोजली. ४४ भरली. हातातल्या यादीवर बघितलं. ४४. शिक्क्यासकट ४४. भाचेबुवांनी दोरी दोनदा ओढली.

मी बाहेर आलो तेव्हा आमच्या गाडीचे मागचे लाल दिवे रस्त्याला लागले होते. माझ्या एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात ओला रुमाल, आणि खांद्यावर दोन डझनांतली उरलेली लिंबं आणि सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. पुढे घाट. मोबाइल मी भाच्याला दिला होता, गेम खेळायला, म्हणजे दोरीला हात लावणार नाही म्हणून. एका सज्जन गृहस्थांचा फोन मागून माझाच नंबर लावला. कट झाला. पुन्हा लावला. कट. तिसऱ्यांदा उचलला गेला. मागे ४० मुलांच्या भेंड्या चालल्या होत्या आणि मध्येमध्ये आवाज तुटत होता.

"अरे, मी सर! सर! सर बोलतोय!"

"सर सहलीला गेलेत," भाचेबुवा म्हणाले. "उद्या करा."